सुताचा सांधा

भवानी पेठेत आप्पा मिस्त्रींचं दुकान कुठं असं विचारलं, की लोक आधी तुमच्याकडे बघायचे, मग गाडीकडे, आणि मग म्हणायचे, "बसायची तयारी हाय का?" आप्पांकडे गाडी सोडून बाजारात फिरून यायची सोय नव्हती. ज्याची गाडी त्यानं स्टुलावर बसायचं, विचारलं त्याचं उत्तर द्यायचं आणि सांगितलं की मीटर हातात धरायचा. हे ज्याला जमत नसे त्याला आप्पा हात जोडून दुसऱ्या मिस्त्रीचा पत्ता देत. मीही पहिल्या दिवशी उठून जाणार होतो. गेलो असतो तर बरं झालं असतं की वाईट, हे कोडं मी वर्षभर सोडवतोय. मुलांना गणित शिकवणारा माणूस मी, पण हे सुटत नाही.

दुकान म्हणजे पत्र्याची शेड. मागच्या गल्लीत यंत्रमागांची खडखड सकाळपासून सुरू असायची, त्यामुळे आप्पांकडे सगळेच जण ओरडून बोलत. एकटे आप्पा हळू बोलायचे आणि तरी ऐकू यायचे. साठी ओलांडलेला, काटक, काळासावळा माणूस. कपाळावर भस्माचे पट्टे, चष्मा सुतळीनं गळ्यात अडकवलेला. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी, समोरच्या स्पेअर पार्ट विकणाऱ्या चाचांशी दखनी आणि गाडीशी पुन्हा कानडी. पूर्ण नाव सिद्रामप्पा. ते फक्त दुकानाच्या पाटीवर होतं, आणि पाटीवर धूळ होती.

मी केमच्या शाळेत शिक्षक. माझे वडील, तात्या, रेल्वेत गँगमन होते. आयुष्यभर रूळ सांभाळून केमलाच निवृत्त झाले आणि दोन वर्षांत त्यांच्या किडन्या गेल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सोलापूरला डायलिसिस. केमला स्टेशन आहे, पण रेल्वेच्या वेळा दवाखान्यातल्या मशीनच्या वेळांशी जुळत नव्हत्या, आणि मशीनवरून उतरलेला माणूस बाकड्यावर चार तास गाडीची वाट बघत बसू शकत नाही. म्हणून मी एक जुनी डिझेल जीप घेतली. अक्कलकोटकडच्या एका व्यापाऱ्याची होती. सहा महिने ती गुणानं चालली, आणि मग तिनं रंग दाखवायला सुरुवात केली.

टेंभुर्णी सोडून हायवेला लागलं की समोरचा पिवळा दिवा पेटायचा आणि गाडीतला जीव जायचा. पाय पार तळाला दाबला तरी सायकलच्या वेगानं चालायची. मागून ट्रक हॉर्न मारत अंगावर येत. मागच्या सीटवर उशीला टेकून बसलेल्या तात्यांच्या श्वासाचा आवाज तेवढा यायचा. ज्यांची किडनी चालते त्यांना हे सांगून कळणार नाही. डायलिसिसवाल्याच्या अंगात दोन फेऱ्यांच्या मधलं सगळं पाणी साठलेलं असतं. मशीनची वेळ हुकली की ते पाणी छातीत चढतं. माझ्यासाठी त्या गाडीचा अर्थ एवढाच होता, की तात्यांना वेळेवर मशीनपर्यंत न्यायचं. बाकी ती चोरीला गेली असती तरी मला दुःख नव्हतं.

करमाळ्यात एकानं स्कॅनर लावला. डिझेलचा दाब सांगणारा सेन्सर गेला म्हणाला, बदलला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. सोलापुरात दुसऱ्यानं स्कॅनर लावला, त्याच सेन्सरचं नाव आलं, त्यानंही बदलला. पुन्हा तेच. तिसऱ्यानं मान हलवून डिझेल पंपच काढायला सांगितला. तेव्हा दवाखान्याच्या वॉचमननं मला आप्पांचा पत्ता दिला.

आप्पांनी दोन्ही जुने सेन्सर हातात घेऊन उलटसुलट बघितले. "मशीन सांगतंय सेन्सरची तक्रार हाय," ते म्हणाले. "बरं. पण पोलीस चौकीत जो तक्रार द्यायला जातो, त्यालाच आत टाकतात व्हय?"

मग म्हणाले, "आता गाडीचं काय सांगू नका. तुमचं सांगा. सकाळी उठल्यापास्नं काय काय केलं?"

मला राग आला. तात्या तिकडे मशीनवर होते आणि हा माणूस माझी दिनचर्या विचारत होता. पण आप्पांची ती रीतच होती. गाडी आपलं दुखणं कधी सांगत नाही, माणूस त्याच्या नादात सांगून जातो, असं त्यांचं मत. कुणाला कुठल्या चढाला, कुणाला जेवणानंतर, कुणाला बायको शेजारी बसली की. एका ड्रायव्हरची गाडी फक्त सोमवारी बंद पडायची आणि तो रविवारी गाडी कुठल्या गोठ्याशेजारी लावतो ते विचारून त्यांनी उंदरानं खाल्लेली तार शोधली होती. मी सांगितलं. उठलो, चहा घेतला, तात्यांना अंघोळ घातली, गाडी काढली, निघालो. यात एक गोष्ट मी सांगितली नाही. लपवली नाही, मला ती सांगण्यासारखी वाटलीच नाही. रोजच्या डोळ्यांसमोरची गोष्ट कोण सांगतं?

दुसरी रीत मीटरची. आप्पा टाचणी सॉकेटच्या मागून तारेला लावायचे आणि मीटर मालकाच्या हातात द्यायचे. "आकडा तुमी वाचा. मोठ्यानं."

"तुम्हीच बघा ना," मी म्हटलं.

"न्हाय. माझ्या डोळ्याला माझ्या मनातलं दिसतंय. बारा असावं वाटलं की मला बाराच दिसणार. तुमाला कायच वाटत न्हाय, तुमाला खरं दिसणार."

या हट्टापायी त्यांनी एकदा एका वरातीची गंमत केली होती. नवरदेवाच्या गाडीचा हॉर्न अडकून भोंग्यासारखा वाजत सुटला. गाडी भावाची होती, भाऊ कुठेतरी पुढे नाचत होता. आप्पा म्हणाले, मग नवरदेवानं वाचायचं. मुंडावळ्या वर बांधून, शेला खोचून नवरदेव बॉनेटमध्ये डोकं घालून ओरडतोय, "बारा पॉइंट चार! आता शून्य!" आणि भवानी पेठ सगळी गोळा झाली आहे. चाचा ही गोष्ट सांगताना दर वेळी नवरदेवाला आणखी घाम आणायचे.

तिसरी गोष्ट सुताची. आप्पांचे वडील गिरणीत तुटलेला धागा सांधायच्या कामावर होते, आई घरी मागाच्या कांड्या भरायची. गिरणी बंद पडली तेव्हा आप्पा वायरिंगकडे वळले, पण हातातलं सूत सुटलं नाही. दुकानात एका खिळ्याला पांढऱ्या सुताचा शंकूसारखा कोन टांगलेला असायचा. तारेचा सांधा केला की आप्पा त्याच्यावर आधी घट्ट सूत गुंडाळत, बापाकडून शिकलेली बारीक गाठ मारत आणि मग वरून काळी टेप. "सोलापूरच्या उन्हात टेपचा डिंक पगळतो," ते सांगत. "टेप सोडती. सूत सोडत न्हाय." आणि खरंच, आप्पांचा सांधा सुटलेला कुणी पाहिला नव्हता. दुसरे मिस्त्री बॉनेट उघडून टेपेखालून पांढरा धागा दिसला की म्हणत, हे आप्पांचं काम आहे, इथं बघायला नको.

माझ्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि आप्पांचा चेहराच खुलला. "आवो मास्तर, ही तर माझी लेक की! ह्या गाडीचं वायरिंग उंदरांनी कुरतडलं व्हतं, मीच केलंय. सात वर्षं झाली." काचेच्या खालच्या बाजूला, इंजिनच्या मागच्या भिंतीपाशी वायरिंगचा जुडगा होता. त्यात टेप उन्हानं फाटलेली आणि आतून सूत डोकावत होतं. आप्पांनी त्याच्यावरून अंगठा फिरवला. "बघा, हाय तसा हाय. हा सोडून बाकी सगळं बघू."

त्यांनी फरशीवर खडूनं चित्र काढून मला समजावलं. सेन्सरला तीन तारा. एकीनं पाच व्होल्ट येतात, एक अर्थची, आणि मधली इंजिनच्या कॉम्प्युटरला सांगत असते की डिझेलचा दाब एवढा एवढा आहे. "मधली खोटं बोलली की कॉम्प्युटर घाबरतो आन गाडीचा गळा दाबतो. आपल्याला मधलीला कोण खोटं बोलाय लावतंय ते बघायचंय."

पण गाडी आप्पांसमोर आली की गरीब गाय व्हायची. सगळे आकडे बरोबर. मी वाचायचो, आप्पा मान हलवायचे, पुढच्या शुक्रवारी टेंभुर्णीच्या पुढं पुन्हा दिवा. माझ्या लक्षात आलं, की मंगळवारी ती कधीच दगा देत नाही, देते ती शुक्रवारी. हे मी आप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला पुन्हा स्टुलावर बसवून शुक्रवारची सकाळ विचारली. मी पुन्हा तेच सांगितलं. उठलो, चहा, अंघोळ, निघालो.

डायलिसिस संपलं की मी तात्यांना घेऊन दुकानात यायचो. आप्पांनी त्यांच्यासाठी खाट टाकून ठेवलेली असायची. तात्यांना दिवसाला पाणी मोजून होतं, दोन पेले. उन्हाळ्यात सोलापूरच्या त्या पत्र्याखाली दोन पेले पाणी म्हणजे काय असतं, हे मी रोज बघत होतो. एकदा चाचांनी थंडगार ताकाचा तांब्या पाठवला. आप्पांनी तो तसाच परत पाठवला. नंतर मला कळलं, तात्या दुकानात असेपर्यंत आप्पा पाण्याचा थेंब घेत नसत. कुणी विचारलं तर म्हणत, "तहान न्हाय." त्यांचे ओठ फुटलेले मला दिसायचे, आणि तात्यांनाही दिसत असणार.

दोघांची चांगली गट्टी जमली होती. तात्या एकदा खाटेवरून म्हणाले, "मिस्त्री, आमी रुळाचा सांधा हातोडीनं वाजवून बघायचो. रोज. आपल्याच हातानं बसवलेला असला तरी बी."

आप्पा हसले. "तात्या, तुमचा लोखंडाचा. लोखंडाचा काय भरवसा? माझा सुताचा हाय."

तात्याही हसले, मग त्यांना खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही.

त्यानंतरच्या शुक्रवारी गाडी मोहोळच्या अलीकडे पार बसली. पोचेपर्यंत तात्यांचं मशीन दुसऱ्या पेशंटला लावलेलं होतं. शनिवारी संध्याकाळी नंबर लागला. त्याच्या पुढच्या शुक्रवारी पुन्हा तसंच. तेव्हापासून तात्यांना आडवं होता येईना. रात्र रात्र उशीला टेकून बसायचे. आई त्यांच्या पाठीवर हात फिरवत बसायची आणि मला फक्त एकच विचारायची, "शुक्रवारी गाडी जाईल न्हवं?" मी व्हय म्हणायचो. दुसरी गाडी करायचं का सुचलं नाही, असं लोक विचारतात. सुचलं. दोनदा केली, एकदा ड्रायव्हर आलाच नाही आणि एकदा तात्याच म्हणाले, मिस्त्री एवढं करतोय, आपल्याच गाडीनं जाऊ. आता वाटतं, मी त्यांचं ऐकायला नको होतं.

आप्पांना हे सगळं कळलं तेव्हा त्यांनी दुकानाला कुलूप लावलं. माझ्या माहितीत मधल्या वारी दुकान बंद राहिल्याची ती पहिलीच वेळ. गुरुवारी संध्याकाळच्या रेल्वेनं ते पिशवी घेऊन केमला उतरले. "गाडी माझ्यासमोर लबाडी करती. आता तिच्या घरी जाऊन बघतो."

शुक्रवारी सकाळी तात्यांना मागच्या सीटवर बसवलं. आई ओवाळणीचं ताट घेऊन आली. आमच्या केमचं कुंकू तिनं बॉनेटला लावलं, कमळाभवानीचं नाव घेतलं, पायरीवर नारळ फोडला आणि त्याचं पाणी ओंजळीनं बॉनेटवर, काचेच्या खालच्या जाळीवर सोडलं. दर शुक्रवारी ती हेच करायची. तात्या आजारी पडल्यापासून तिनं एक शुक्रवार चुकवला नव्हता. आप्पा हात जोडून उभे होते. मी त्यांच्याकडे बघत होतो म्हणून सांगतो, त्यांची नजर त्या पाण्याबरोबर जाळीत उतरली आणि तिथंच थांबली. आईनं दिलेला खोबऱ्याचा तुकडा त्यांनी कपाळाला लावला, पण खाल्ला नाही, खिशात ठेवला.

टेंभुर्णी गेलं. आप्पा माझ्या शेजारी बसून समोरच्या काचेकडे बघत होते. दिवा पेटला.

"थांबवा," आप्पा म्हणाले.

रस्त्याकडेला एका लिंबाच्या सावलीत गाडी घेतली. बॉनेट उघडलं. आप्पांनी किल्ली फिरवून इंजिन बंदच ठेवायला सांगितलं आणि मीटर माझ्या हातात दिला.

"पाचवाली?"

"चार पॉइंट नव्याण्णव."

"अर्थ?"

"शून्य."

"मधली?"

"पॉइंट एक."

"अर्धा पायजे. पुन्हा वाचा."

"पॉइंट एक, आप्पा."

त्यांनी सेन्सरचं सॉकेटच काढून टाकलं. आता मधल्या तारेचा आकडा वर उडायला हवा होता, तरी तो खालीच. म्हणजे सेन्सर निर्दोष, तारेतच कुठंतरी विजेचा दाब गळत होता. आप्पा सॉकेटपासून तार चाचपत मागे मागे जाऊ लागले. प्रत्येक वितीवर हलवायचे, मी आकडा वाचायचो. पॉइंट एक. पॉइंट एक. मागून ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकसरशी गाडी हलत होती. तात्यांनी काच खाली केली होती. त्यांना बोलायला दम पुरत नव्हता, एकेक शब्द तोडून बोलत होते.

आप्पांचा हात इंजिनच्या मागच्या भिंतीपाशी आला आणि थांबला. तिथं त्यांचा सांधा होता. मी बघितलं, त्यांनी हात तिथून पुढं नेला, मग परत आणला, मग पुन्हा पुढं नेला.

"मिस्त्री," तात्या आतून म्हणाले. "तुमचा... सांधा... वाजवून बगा."

आप्पांनी खिशातलं ब्लेड काढलं. टेप कापली. आतलं सूत पांढरं नव्हतं, तपकिरी झालं होतं आणि ओलं होतं. त्यांनी ते दोन बोटांत पिळलं तर पाणी आलं. नाकाशी नेऊन वास घेतला. मग मला दिलं. आंबलेल्या नारळाचा वास होता.

मी शिक्षक आहे, मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. उंदरांनी कुरतडलेल्या दोन तारा, मधली आणि अर्थची, आप्पांनी शेजारी शेजारी सांधून एकाच सुतात गुंडाळल्या होत्या. जुन्या गाड्यांत दिव्याला, हॉर्नला बारा व्होल्ट जोरात धावतात, तिथं एवढ्याशा ओलीनं काही होत नाही. इथं सगळा कारभार अर्ध्या व्होल्टाचा. टेप उन्हानं फाटली तेव्हापासून नारळाचं पाणी झिरपत टेंभुर्णीपर्यंत सुतात मुरायचं आणि ओलं सूत ते अर्धं व्होल्ट पिऊन टाकायचं. सोलापुरात येईपर्यंत इंजिनच्या उष्णतेनं सूत वाळायचं आणि गाडी शहाणी व्हायची. मंगळवारी नारळ नसायचा.

आप्पांनी सगळं सूत ओढून काढलं. खालचं तांबं हिरवं पडलं होतं. त्यांनी तारा खरवडल्या, वेगवेगळ्या केल्या, पिळल्या, नुसती टेप गुंडाळली, सॉकेट परत जोडलं. "वाचा."

"पॉइंट पाच."

"मोठ्यानं वाचा, मास्तर."

"पॉइंट पाच!"

तिसऱ्यांदाही वाचायला लावलं. मग ते मातीतच बसले. ओलं सूत त्यांच्या मुठीत होतं. "महिनाभर," ते म्हणाले. "महिनाभर बगत व्हतो. सगळं बगितलं, हेवढं सोडून." मी त्यांना उठवलं, कारण तात्या मागे एकेका श्वासासाठी झगडत होते. चढताना आप्पांनी माझं मनगट धरलं आणि अगदी हळू म्हणाले, "नारळाचं तुमच्या आईला, अक्कांना, सांगू नका. पाणी बॉनेटवर पडणारच, पावसाचं बी पडतंय. सुतानं प्यायला नको व्हतं. दोष सांध्याचा."

मी मान हलवली. गाडी मोहोळपर्यंत वाऱ्यासारखी गेली. तसं चालवताना मला आनंद व्हायला हवा होता, पण माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि रस्ता नीट दिसत नव्हता.

आम्ही पोचलो तेव्हा वेळ गेलेली होती. मशीन दुपारी मिळालं. तोवर तात्यांना ऑक्सिजन लावून आत ठेवलं. आईला शेजाऱ्यांनी आणलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात आप्पा सरळ तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. "अक्का, गाडीचा दोष सापडला. माझ्या हातचा सांधा व्हता. माझ्यामुळं तात्यांचे शुक्रवार गेले."

मी शेजारीच होतो. एक वाक्य बोलायचं होतं मला, की आई, एकट्या आप्पांचं नाही. मी बोललो नाही. आधी वाटलं, आत्ता नको, तात्या बरे होऊ देत. मग वाटलं, आता बोलून काय होणार. भित्र्या माणसाला कारणं कमी पडत नाहीत.

तात्या पाच दिवसांनी घरी आले, पण तो माणूस परत आला नाही असंच म्हणायचं. पुढच्या फेऱ्या वेळेवर झाल्या. गाडीनं एकदाही दगा दिला नाही. तिसऱ्या आठवड्यात, एका दुपारी, आई पाठीवर हात फिरवत असतानाच तात्या गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच थकलेलं होतं, अमुक एका दिवसामुळं गेले असं काही सांगता येत नाही. आईला ते पटलं नाही. "त्या शुक्रवारांनी माझं माणूस नेलं," ती म्हणाली, आणि येणाऱ्या प्रत्येकीला सांगत राहिली.

तात्या घरी आल्यावर मधे एकदा मी भवानी पेठेत गेलो होतो, सांधा पक्का करून घ्यायला. खिळ्यावरचा सुताचा कोन नव्हता. आप्पा एका मालवाहू टेम्पोत डोकं घालून त्यांचाच जुना सांधा उसवत होते. चाचांनी सांगितलं, ओळखीच्या प्रत्येक गाडीवाल्याला फोन करून बोलावतात आणि सूत काढून देतात. लोक हसतात, कुणी म्हणतं म्हातारा बिघडला. एकजण वैतागून म्हणाला होता, माझी गाडी चांगली चालते, कशाला हात लावता? आप्पा त्याला म्हणाले होते, "चांगली चालती म्हणूनच." माझ्या गाडीचा सांधा त्यांनी दोनदा केला आणि आकडा माझ्याकडून चार वेळा वाचून घेतला. तात्यांची खाट तिथंच होती. त्यांनी पाण्याचा पेला मला दिला आणि स्वतः घेतला नाही.

तेराव्याला आप्पा आले. कुणी बोलावलं नव्हतं. दारातच थांबले. आईला कळलं तेव्हा ती आतूनच मला म्हणाली, "जेवल्याबिगर जाऊ देऊ नको त्यास्नी. पर मला त्येंचं तोंड दावू नको." आप्पांनी ते ऐकलं. ऐकू येईल एवढ्याच आवाजात ती बोलली होती.

ते पडवीत पंगतीच्या शेवटाला बसून जेवले. पानात काही टाकलं नाही. हात धुऊन झाल्यावर मला म्हणाले, "अक्का आता नारळ फोडणार का गाडीला?"

"आईचं काय सांगावं," मी म्हटलं. "सवय आहे. फोडेल."

"फोडू द्या," आप्पा म्हणाले.

"आप्पा, मी आईला सांगतो. आज सांगतो."

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "मास्तर, आकडा तुमी वाचलाय, मी बी ऐकलाय. दोघांनी ऐकला तेवढं पुरं. बाईमाणसानं देवाला दिलं ते परत नका घेऊ तिच्याकडनं."

मग ते अंगणात गाडीपाशी गेले. गाडीला आता कुठं जायचं नव्हतं, तेरा दिवसांत तिच्यावर धूळ बसली होती. आप्पांनी पिशवीतून रबराची एक लांब पट्टी काढली, घरून मापानं कापून आणलेली. काचेखालच्या जाळीत ती बसवायला लागले, पाणी आत न जाता कडेनं बाहेर जावं अशी. बराच वेळ वाकून काम करत होते. ऊन होतं, पाठीवर शर्ट चिकटला होता. एकदा त्यांनी तांब्यातलं पाणी जाळीवर ओतलं आणि खाली वाकून बघितलं, ते चाकापाशी जमिनीवर पडतंय का. पडत होतं.

आई खिडकीशी येऊन उभी राहिली होती. "आता काय करायचंय त्येला गाडीचं?" ती म्हणाली. "जे न्यायचं ते नेलं की."

मी तिच्यामागे उभा होतो. आईला वाचता येत नाही, म्हणून हे सगळं लिहायची माझी हिंमत झाली.

आप्पांनी बॉनेट लावलं, हातानं दाबून बघितलं, पिशवी उचलली आणि घराकडे पाठ न करता दोन पावलं मागे जाऊन नमस्कार केला. खिडकीत कोण आहे हे त्यांना दिसत होतं. मग स्टेशनच्या रस्त्याला लागले. पुढच्या शुक्रवारी आईनं नारळ फोडला. पाणी जाळीवर पडलं, रबरावरून घसरलं आणि चाकापाशी मातीत जिरलं.